एका दाताचा कायदा

कवळीकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत, तोंडात बघत. त्यामुळे मंडळीत त्यांचं नाव झालं होतं, की हा माणूस फार मन लावून ऐकतो. ऐकत ते असतच, पण निम्मं लक्ष समोरच्याच्या दाढेवर असे. सगळी हयात त्यांची कवळ्या बनवण्यात गेली होती. दंतवैद्य ठसे पाठवत, काका त्यांवरून प्लास्टरचे साचे ओतत, मेणात दात बसवत, घासत, चकाकी आणत आणि डबीत घालून परत पाठवत. ज्यांच्या तोंडात त्यांचं काम होतं, त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. रस्त्यात कुणी खळखळून हसलं, की काका मनातल्या मनात म्हणत, हा आपला असावा.

घर लांबट होतं. मागच्या खोलीत काकांचा कारखाना, पुढच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल वाचायचा वर्ग, आणि मधल्या खोलीत आई. आई नव्वदीला टेकली होती आणि बिछान्यावरून घर चालवत होती. तिचे कान तिला हवं तेव्हा चालत. तिची कवळी अर्थातच काकांनी केलेली. एरवी ती पेल्यात पाण्यात पडून असे. कुणाला फैलावर घ्यायचं असलं की आई ती घाली. पेल्याला कवळी लागून टिंग असा आवाज आला, की घरातली माणसं कामाला लागत.

घरातली माणसं म्हणजे काका आणि पोर.

पोर काही वयाने पोर नव्हती. केस पिकले होते, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. पण दहा-अकरा वर्षांची असताना आईने तिला आणली, ‘लांबच्या नात्यातली आहे, बाप नाही, इथे राहील, शिकेल’ म्हणून, तेव्हा जे नाव पडलं ते चिकटलं. नातं किती लांबचं, हे मोजायला कुणी गेलं नाही. शिकायचं म्हणाल तर ती स्वयंपाक शिकली, धुणंभांडी शिकली, आईचं पथ्यपाणी शिकली, आईचा मूड ओळखायला शिकली. लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं. पगाराचा प्रश्न कधी निघाला नाही, कारण पगार नोकरांना असतो आणि ती तर घरचीच होती. हे वाक्य घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की भिंतीलाही पाठ झालं असेल.

पोरीचा वरचा पुढचा एक दात खोटा होता. काकांनी आयुष्यात बनवलेला हा पहिला दात. ते नुकते काम शिकायला लागले होते, तेव्हा ती पायरीवर पडली. पडली असं सांगायचं घरात ठरलं होतं. काकांनी उस्तादांच्या हाताखाली बसून तिला एका दाताची छोटी पट्टी करून दिली. आल्यागेल्याला तिला तोंड उघडून दाखवावं लागे आणि सगळे म्हणत, मुलाच्या हातात कला आहे. दात खरोखरच चांगला निघाला, फक्त तो म्हातारा होईना. शेजारचे दात चहाच्या रंगावर गेले आणि हा एकटा जसाच्या तसा तरुण राहिला. दोन-चार वेळा ती म्हणाली होती, “दादा, हा बदलून द्या ना. वेगळा उठून दिसतो.” काका म्हणत, “चांगला आहे की. किती टिकलाय बघ.” बाहेरची कामं उरकता उरकता घरच्या माणसाचं मागे पडतंच.

आता वर्गाविषयी. वर्गाला काकांनी एक नियम घालून दिला होता. उतारा वाचून झाला, की प्रत्येकाने एवढंच सांगायचं: यात मी कोण? ‘लोक असे असतात’, ‘पूर्वी तसं होतं’, असलं चालणार नाही. वचन टोचलं तर वचनाला कानस लावायची नाही, आपली हिरडी सोसायला तयार करायची, असं ते म्हणत. या नियमाने बरीच करमणूक झाली होती. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्ताला सगळेच्या सगळे हरवलेलं मेंढरू झाले. कळपात शहाण्यासारखं राहिलेलं मेंढरू व्हायला एकही तयार नव्हतं. नियमित येणारे तिघं. शाळेच्या बाई, ज्या प्रत्येक वाक्याला हात वर करत. सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातली परिचारिका, जी पाळी उतरून येई आणि पहिली पाच मिनिटं डोळे मिटून ‘प्रार्थना’ करी. आणि निवृत्त कंडक्टर, जो कुठलाही प्रश्न आला की ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणे.

त्या वर्षी वर्ग मोशेच्या नियमशास्त्रापर्यंत आला होता. दहा आज्ञा गोडीगुलाबीत पार पडल्या. त्यांच्या पाठोपाठ येतो तो गुलामांचा कायदा.

त्याच आठवड्यात पोरीची भाची आली. भावाची मुलगी, चुणचुणीत. दुसऱ्या गावात तिने शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, “आत्या, दुकानाच्या वर खोली आहे. काजं-बटणं बघ, नाहीतर नुसती खिडकीत बस. पण माझ्याकडे राहायला ये.”

पोर म्हणाली, “दादांना विचारून सांगते.”

संध्याकाळी तिने विचारलं. काका चाकावर एक कवळी घासत होते. “दादा, जाऊ का?”

काका चाक न थांबवता म्हणाले, “विचार करून सांगतो.”

आणि ते खरोखरच विचार करायला लागले. ती गेली तर आईला उठवणार कोण, पुसणार कोण, भरवणार कोण? आई दुसऱ्या कुणाच्या हातचा घासही घेत नसे. काकांनी एकदा प्रयत्न केला होता, तर तिने चमचा दातांत धरून ठेवला होता, त्यांनीच केलेल्या दातांत. शिवाय पोरीला बाहेरचं जग काय माहीत? तिथे तिची आबाळ झाली तर? अशा रीतीने काकांना हळूहळू दिसायला लागलं, की तिने न जाण्यातच तिचं भलं आहे. माणूस स्वतःच्या सोयीचा विचार इतक्या प्रेमाने दुसऱ्याच्या नावावर करू शकतो, याचं त्यांना काही वाटलं नाही. आपल्यापैकी कुणाला वाटतं?

बुधवारी पहिला उतारा झाला. विकत घेतलेल्या गुलामाने सहा वर्षं राबावं, सातव्या वर्षी त्याला काही न घेता मोकळं करावं. पण तो म्हणाला, माझं मालकावर, बायकापोरांवर प्रेम आहे, मला जायचं नाही, तर मालकाने त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून आरीने त्याचा कान टोचावा. मग तो कायमचा त्या घरचा.

“मी कोण?” काकांनी सुरुवात करून दिली.

“गुलाम,” कंडक्टर म्हणाला. “सगळी नोकरी उभ्याने केली. घंटी वाजवून वाजवून अंगठा वाकडा झाला.”

“गुलाम,” सिस्टर डोळे न उघडता म्हणाली. “मेट्रनला भेटा, मग कळेल.”

“गुलामच,” शाळेच्या बाई म्हणाल्या. “जनगणना आम्ही करायची, निवडणुका आम्ही करायच्या, उरलं तर शिकवायचं.”

काका म्हणाले, “मीही. दंतवैद्याचा फोन आला की जेवणावरून उठतो.”

सगळ्यांना बरं वाटलं. मग बाईंनी हात वर केला. “पण मग या खोलीत मालक कोण?”

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. एवढे गुलाम जमले होते आणि मालक एकही नव्हता. “पुढे सरका,” कंडक्टर म्हणाला.

बाई सरकेनात. “आणि पुढे लिहिलंय, आपल्यातला गुलाम सुटतो, परक्या जातीचा मात्र मुलांना वारसाहक्काने ठेवून जावा. हे चूक आहे असं म्हणायला काय हरकत आहे? देवाला राग येईल का?”

काकांकडे यावर ठरलेलं उत्तर होतं. ते शांतपणे म्हणाले, “तेव्हाची गुलामी आपण समजतो तशी नव्हती, बाई. घरच्यासारखं असे. शिवाय आजूबाजूचे लोक काय करत होते ते बघा. त्यांच्यापेक्षा हा कायदा पुष्कळ दयाळू होता. मुदत होती, मर्यादा होती.”

इतक्यात पोर चहा घेऊन आली. तिने एकेकापुढे कप ठेवला, काकांच्या बशीत नेहमीप्रमाणे दोन बिस्किटं ठेवली आणि गेली. तिच्या मागे मधल्या दाराची चौकट होती. काकांनी चौकटीकडे बघितलं आणि बिस्किट चहात बुडवलं. ते जरा जास्तच वेळ बुडलं आणि तळाला गेलं.

रात्री अंथरुणावर त्यांनी मनाशी हिशेब जुळवला. पोर काही गुलाम नव्हती. गुलाम असती तर सातव्या वर्षी सोडावी लागली असती. ती घरची होती, म्हणून मुदतीचा प्रश्नच नव्हता. हा युक्तिवाद त्यांना इतका चोख बसलेला वाटला, की ते लगेच झोपले. सकाळी दाढी करताना तोच युक्तिवाद पुन्हा मनात आला आणि या वेळी कुठेतरी टोचला. गुलामापेक्षा घरच्या माणसाचे हाल जास्त, असा त्याचा अर्थ निघत होता.

पोरीने त्या आठवड्यात पुन्हा विचारलं नाही. मात्र भाचीला ती फोनवर म्हणाली, “दादा विचार करतायत,” आणि हे ती इतक्या विश्वासाने म्हणाली, की काकांना खोलीतून उठून जावं लागलं.

पुढच्या बुधवारी पुढचा उतारा. मालकाने गुलामाला काठीने मारलं आणि तो जागीच मेला तर मालकाला शिक्षा. पण एक-दोन दिवस जगला तर शिक्षा नाही, कारण तो त्याचंच धन आहे.

सिस्टरने डोळे उघडले. ती कधी नव्हे ती सरळ बसली. “आतल्या आत रक्तस्राव झाला तर माणूस तिसऱ्या दिवशीही जातो. मी बघितलेत. हा कायदा ज्यानं ऐकला तो फक्त एवढंच शिकला असेल, की मारायचं ते बेतानं.”

काकांचं ठरलेलं उत्तर जिभेवर होतं, पण ते त्यांनी गिळलं. “पुढचं वाचा,” ते म्हणाले. “पुढे दया आहे.”

कंडक्टरने पुढचं वाचलं. मालकाने गुलामाचा किंवा दासीचा दात पाडला, तर त्या दाताबद्दल तिला मोकळं करून पाठवावं.

“बघा,” काका उत्साहाने म्हणाले. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. “एक दात! जबडा नाही, हात नाही, एक दात. दाताची एवढी किंमत कुठल्या कायद्यात आहे सांगा मला.”

“पण दासीला हा कायदा सांगणार कोण?” बाईंनी विचारलं. “तिला वाचता येत नसणार. वाचता येतं मालकाला. दात ज्यानं पाडला, त्यानंच तिला जाऊन सांगायचं का, की बाई गं, तू सुटलीस?”

तेवढ्यात पोर कप गोळा करायला आली. कंडक्टर स्वभावाने भला माणूस. शांतता त्याला सहन होत नसे, म्हणून तो गमतीने म्हणाला, “ताई, तुम्ही इतकी वर्षं चहा देता आणि तुम्हाला आम्ही कधी विचारलंच नाही. सांगा, यात तुम्ही कोण?”

पोर ट्रे घेऊन थांबली. तिला वर्गाचा नियम ठाऊक होता; आतून ऐकतच आली होती. तिने खरंच विचार केला.

“मी दात पडलेली,” ती म्हणाली.

मग तिने कप उचलले. काकांच्या बशीत एक बिस्किट उरलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं आणि आत गेली. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं, कारण पाळी त्यांची होती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. “आज वेळ संपली,” ते म्हणाले. वेळ संपलेली नव्हती.

तो आठवडा काकांनी कारखान्यात काढला. फळीवर त्यांच्या पहिल्या कामाचा साचा अजून होता. पोरीच्या वरच्या जबड्याचा, प्लास्टरचा, पिवळा पडलेला. तो त्यांनी खाली काढला. पडलेल्या दाताशेजारच्या दाताचाही कोपरा उडालेला होता. पायरीवर पडून असं होत नाही, हे त्यांना काम शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. खरं तर त्याआधीही माहीत होतं, कारण ते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते. त्यांनी साचा पुसला आणि परत फळीवर ठेवला. मग पुन्हा काढला. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज दातदुखीसारखी होती, दुसऱ्या कुठल्या कामात विसरता येत नव्हती.

तिसऱ्या बुधवारी वर्ग जमला. काकांनी शास्त्र उघडलंच नाही. पोर चहा घेऊन येईपर्यंत थांबले आणि ती आल्यावर म्हणाले, “गेल्या खेपेला माझी पाळी राहिली होती. यात मी मालक.”

कंडक्टरने ‘पुढे सरका’ म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

“मालकाचा मुलगा म्हणा हवं तर,” काका पुढे म्हणाले. “पण ती पळवाट झाली. आणि ही पायरीवर पडली नव्हती. दात पाडला. आईनं. पळी फेकून मारली. मी बघितलं आणि दात करून दिला, म्हणजे कुणाला दिसू नये.”

तेवढ्यात मधल्या खोलीतून पेल्याचा आवाज आला. टिंग. मग आईचा खणखणीत आवाज.

“पळी नव्हती. उलथनं होतं.”

बाईंनी मधल्या दाराकडे पाहिलं.

“आणि तिनं दूध उतू घालवलं होतं,” आई म्हणाली, आणि कवळी परत पेल्यात टाकल्याचा आवाज आला.

सिस्टरने कपाळाला हात लावला. शाळेच्या बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हात वर करायला विसरल्या. पोरीने ट्रे खाली ठेवला. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. बराच काळ अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखी ती फक्त जिभेने तो दात चाचपत होती.

“दादा,” ती म्हणाली, “मग जाऊ का?”

“मला विचारायचं कारणच नाही,” काका म्हणाले. “कधीच नव्हतं.”

ती गोंधळली. “म्हणजे जाऊ?”

“जा म्हणतायत, ताई,” कंडक्टर म्हणाला आणि नाक शिंकरायला रुमाल शोधू लागला.

मग घराने आठ-दहा दिवस आईच्या कवळीचा आवाज पुष्कळ ऐकला. आईला ही बातमी पटली नाही, पण तिला कुणी पटवायलाही गेलं नाही. सिस्टरने एक बाई मिळवून दिली. पगारी, सकाळी येणारी आणि संध्याकाळी सहा वाजता निघणारी. आईने पहिल्या दिवशी चमचा दातांत धरला. त्या बाईने मुकाट्याने वाटी ठेवली आणि आपला डबा उघडून जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी आई जेवली.

शास्त्रात असंही आहे, की सोडलेल्या गुलामाला रिकाम्या हाताने पाठवू नये. काकांनी आईचं शिवणयंत्र तेल घालून बांधून ठेवलं. बँकेत जाऊनही काय करायचं ते केलं, ते किती हे वर्गाला सांगितलं नाही. शाळेच्या बाईंनी विचारलं, “एवढ्या वर्षांचं यात फिटतं का?” काका म्हणाले, “नाही. फिटेल असं म्हणतही नाही.” बाईंनी पहिल्यांदा त्यांचं उत्तर वादाशिवाय मान्य केलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकांनी तिला कारखान्यात खिडकीशी बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. रंगछटांची पट्टी हातात घेतली, पण ती लावून बघायची गरज पडली नाही. तिच्या दातांचा रंग त्यांना तोंडपाठ होता. नवा दात त्यांनी मुद्दाम थोडा पिवळट केला, कोपरा किंचित झिजवला, शेजारच्या फुटक्या दातालाही आधार दिला. पोरीने आरसा घेतला आणि बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिली.

“आता माझ्या वयाचा झाला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर काका यंत्र घेऊन उभे होते. भाची तिकिटांच्या रांगेत होती. काय बोलावं ते काकांना सुचत नव्हतं. अशा वेळी माणूस जुनंच काहीतरी बोलून जातो. “केव्हाही ये,” ते म्हणाले. “घर तुझंच आहे.”

पोर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने साधेपणाने, गॅस बंद केलाय ना विचारावं तसं विचारलं, “दादा, माझं असतं तर जाऊ का म्हणून तुम्हाला विचारलं असतं का मी?”

सवयीने काकांची नजर तिच्या तोंडाकडे गेली. ती हसत होती, थोडंसंच. त्या दातांतला आपण केलेला कोणता, हे त्यांना ओळखता आलं नाही. मग त्यांनी नजर वर उचलली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे घारे होते. हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बस आली. यंत्र जड होतं, ते दोघांनी मिळून वर चढवलं.